लिंबं महागली!

"आई, लिंबं बदलावी लागणार गं. आठ हजार दोनशे सांगतोय."

फोनच्या पलीकडे, साताऱ्यात, तीन सेकंद शांतता. मग आईचा काळजीचा स्वर, "अगं, टेम्पोभर घेतेयस का? इथे मंडईत दहाला तीन आहेत."

"ती लिंबं नाहीत. धनुष्याची लिंबं!"

"लिंबात कधीपासून धनुष्यं मिळायला लागली?"

आता आईच्या डोळ्यांपुढे साताऱ्याजवळचं लिंब गाव उभं राहिलं होतं. बारा मोटेची विहीर वगैरे. मी फोन ठेवला. सॉलिड हसले आणि मग रडकुंडीला आले, कारण आठ हजार दोनशे हा आकडा काही केल्या विनोदी नव्हता. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर चार लेख. तेही छापून आलेले नाही, पैसे जमा झालेले.

तर मंडळी, आधी लिंबाचा फंडा क्लिअर करू. इंग्रजीत लिंब म्हणजे अवयव, हात-पाय. (इंग्रज त्यातला 'ब' गिळतात, आमच्या ग्राउंडवर कुणी गिळत नाही.) धनुष्याचा मधला, मुठीत धरायचा भाग म्हणजे रायझर आणि त्याच्या वर-खाली जी दोन पाती वाकतात ती लिंबं. आपण दोरी खेचतो तेव्हा सगळी ताकद साठते ती या दोघांत. मधला रायझर म्हणजे ऑफिसमधला मॅनेजर. दिसायला भारदस्त, पण वाकायचं काम दुसऱ्यांनी करायचं.

आता मी या भानगडीत पडले कशी? २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी १७व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि त्याच दिवशी साताऱ्यातच तयार झालेला नागपूरचा ओजस देवतळेही. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला होता. म्हणजे ज्या जिल्ह्यात मी अठरा वर्षं काढली तिथे पोरं जग जिंकत होती आणि मी तिथे असताना धनुष्याला बोट लावलं नव्हतं. पुण्यात आल्यावर मात्र महिना दीड हजार फी भरून रविवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर! याला म्हणतात काखेत कळसा.

अदिती-ओजसचा खेळ कम्पाउंडचा. चाकं, केबल, दुर्बिणीसारखी साइट. प्रवीणचा ऑलिम्पिकवाला रिकर्व्ह. मला आवडला तो यातला सगळ्यात साधा प्रकार, ट्रॅडिशनल. लाकडी रायझर, टोकाशी उलटी वळलेली लिंबं, एक दोरी. साइट नाही, बॅलन्सचे दांडे नाहीत, काही नाही. घरी बसून दिवसभर लॅपटॉपशी बोलणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन तास फोन बॅगेत टाकून एकाच पिवळ्या गोलाकडे बघायला मिळणं हे काय सुख असतं ते डेडलाइनवाल्यांना सांगायला नको. माझ्यासाठी तो छंद नव्हताच, आठवडा ढकलायचं इंधन होतं.

आमचे बो टेकडाऊन असतात. म्हणजे तीन तुकडे. दोन स्क्रू सोडवले की रायझर वेगळा, लिंबं वेगळी, सगळं पाठीवरच्या बॅगेत. अमेरिकेत मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी १९७०च्या सुमारास असा एक बो आणला की स्क्रू सोडा, अवजारच लागत नाही. नुसता खटका उघडायचा. शिकारीला लांब जाणाऱ्यांना सामान विमानात न्यायची सोय. त्या घराण्यातल्या लिंबांची किंमत आजही कित्येक शे डॉलरमध्ये जाते, तेव्हा तिकडे बघायचं पण नाही. आपल्यासारख्यांचा आवडता वर्षानुवर्षं कोरियाच्या सॅमिक कंपनीचा सेज. ६२ इंची, लिंबं २५ पाउंडापासून ६० पाउंडापर्यंत, पाच-पाचच्या पायऱ्यांनी. माझा बो त्याच जातकुळीतला, एका भलत्याच कंपनीचा. १५,५०० रुपये.

आणि इथेच खरी गंमत आहे. टेकडाऊनचा सगळ्यात मोठा फायदा बॅगेत मावणं हा नाहीच. तो असा की रायझर एकच ठेवायचा आणि अंगात ताकद येईल तशी लिंबं बदलत जायची. आज २५, सहा-आठ महिन्यांनी ३०, मग ३५. पण लिंबं काही बोबरोबर फुकट येत नाहीत. सेजसारख्या बोला नवी जोडी घ्यायची तर साधारण अख्ख्या बोच्या निम्मी किंमत पडते. आमच्या घरचा मिक्सर आठवा. भांडं फुटलं की आई दुकानात जाते, भांड्याची किंमत ऐकते आणि म्हणते, त्यापेक्षा नवाच मिक्सर द्या. किंवा ऑफिसातला प्रिंटर आणि त्याची काट्रिज. धंदा सगळीकडे सारखाच.

पण एक कबूल करायला हवं. लिंबं उगाच महाग नाहीत. आत मेपलसारख्या लाकडाची पातळ पट्टी, दोन्ही बाजूंना फायबरग्लास, सगळं चिकटवून साच्यात दाबून बसवलेलं. पट्टीची जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो, त्यामुळे कानशीचा एक हात इकडचा तिकडे झाला तरी पाउंड बदलतात. आणि वरचं आणि खालचं लिंब एकमेकांना मिळवून घेतलेलं असतं. म्हणून एक तुटलं तरी दुकानदार एक देत नाही. जोडीच घ्यायची. चपलेसारखं. एक हरवली म्हणून कोणी एक विकतं का?

बो घ्यायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, २५ची घ्या." आमचे सर मला मॅडम म्हणतात, कारण मी पत्रकार आहे आणि कारण मी ऐकत नाही. मी घरी येऊन कागद घेतला. २५, मग ३०, मग ३५. म्हणजे वरच्या दोन जोड्या, प्रत्येकी ८,२००. सोळा हजार चारशे! त्यापेक्षा आजच ४०ची का घेऊ नये? थोडं जड जाईल, पण जिमला लोक पैसे भरून वजनं उचलतातच की. शिवाय ज्या अमेरिकन मंडळींचे व्हिडीओ मी रात्री बघायचे ती सगळी ४०-४५चीच भाषा बोलायची.

ती मंडळी हरणं मारायला निघालेली असतात, हे मला फार उशिरा कळलं. तिकडच्या काही राज्यांत शिकारीच्या बोला किमान ४० पाउंड खेच असायलाच हवी असा नियम आहे. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच नाही. माझं हरीण म्हणजे फोमवर लावलेला कागद. तो २० पाउंडाच्या बाणानेही तक्रार न करता भोक पाडून घेतो. आणि ऑलिम्पिकला जाणाऱ्या मुली साधारण चाळिशीच्या आसपास खेचतात. वर्षानुवर्षं, रोज शेकडो बाण. मी आठवड्यातून दोनदा, मधे वडापाव.

लिंबावर ४० लिहिलेलं असलं तरी तो आकडा २८ इंच खेचल्यावरचा असतो. माझे हात आखूड, मी २६ इंच खेचते. इंचामागे दोन-अडीच पाउंड कमी होतात. म्हणजे माझ्या बोटांवर पडत होते ३५च्या आसपास. तरीसुद्धा काय व्हायचं सांगू? दोरी हनुवटीपर्यंत आली की अंग थरथरायला लागायचं आणि नेम लागायच्या आत बोटं आपोआप सुटायची. निशाण्याकडे बघणं वगैरे लांबच, मी फक्त सुटका करून घेत होते. सर दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलले नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी उजव्या खांद्यात काहीतरी 'टक्' झालं. आवाज मोठा नव्हता. पण सोमवारी सकाळी मला केसांना रबरबँड लावता येईना.

रोटेटर कफ. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात वर करायला सांगितला, खांद्याच्या रेषेत येताच मी ओरडले आणि त्या म्हणाल्या, "लॅपटॉपवर किती तास?" हा प्रश्न मला अपेक्षितच नव्हता. मला वाटलं होतं की धनुष्य बंद, विषय संपला. पण माऊस पण उजव्या हातातच असतो ना! पहिला आठवडा मी डाव्या हाताने एका बोटाने टाइप केलं. दोन असाइनमेंट सोडाव्या लागल्या. त्यातली एक ज्या संपादकांची होती त्यांनी त्यानंतर फोन केलेला नाही. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि एप्रिलचं भाडं आईकडून घेणं वेगळं. अठ्ठाविसाव्या वर्षी! आईने काही विचारलं नाही, लगेच पाठवले. ते जास्त लागलं.

आता खरा कहर ऐका. त्या रविवारी खांदा इतका दुखत होता की बोची दोरी उतरवायचं त्राण नव्हतं. दोरी चढवायला-उतरवायला स्ट्रिंगर नावाची एक साधी नाडी मिळते. दोन्ही टोकांना अडकवायची, मधे पाय ठेवायचा, रायझर वर उचलायचा. काम झालं. ४०० रुपये. मी घेतली नव्हती. (बचत!) मी बो मांडीत अडकवून, वाकवून दोरी चढवायचे, जसं सिनेमात दाखवतात. त्यात लिंब वाकडं पडायची भीती असते. तर त्या दिवशी मी बो तसाच चढवलेला घरी आणला आणि दाराच्या मागे, खालच्या टोकावर उभा करून ठेवला. पूर्ण तीन महिने. त्यात पुण्याचा एप्रिल-मे.

जूनमध्ये फिजिओ बाईंनी हिरवा कंदील दाखवला. मी खुशीत बो हातात घेतला, तर दोरी खालच्या लिंबाच्या मधोमध नाही, एका कडेला. लिंबाला पीळ पडला होता. थोडासा पीळ असेल तर गरम पाण्याने शेकून, हाताने उलटा देऊन काढता येतो. सरांनी दोनदा प्रयत्न केला. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमचा सुंभ तर जळालाही नव्हता. असा बो चालवला तर दोरी लिंबावरून निसटू शकते आणि तोंडापासून चार इंचांवर ती निसटलेली कुणालाच नको असते. सर म्हणाले, "शोभेला ठेवा."

मग सुरू झाली लिंबांची शोधयात्रा. नवी जोडी ८,२००, वर 'माल आला की कळवतो'. बाहेरून स्वतः मागवायची तर किमतीवर कुरिअर, त्यावर कस्टम, त्यावर टॅक्स. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. म्हणून मी सेकंडहँड घ्यायचं ठरवलं आणि एका माणसाकडून २५ची जोडी अडीच हजारांना उचलली. चकाचक होती. घरी येऊन रायझरवर ठेवली. स्क्रूचं भोक बरोबर, पण शेजारच्या खिळीचं भोक तीन-चार मिलिमीटर सरकलेलं. बसेचना. परत घ्यायला माणूस तयार नाही. तो म्हणाला, "मॅडम, मोजून न्यायचं ना." बरोबर होतं त्याचं, म्हणून जास्त राग आला.

नोकियाचे दिवस आठवतात? एकाची जाडी पिन, एकाची बारीक पिन, आणि ऑफिसभर "कुणाकडे बारीक पिन आहे का रे?" लिंबांच्या दुनियेत ते दिवस अजून संपलेले नाहीत. माझ्यासारख्या स्क्रूवाल्या बोमध्ये प्रत्येक कंपनीचं आपलं माप. काहींची जुळतात, काहींची नाही. आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं तर तुमचा रायझर म्हणजे पेपरवेट. याच्या उलट आयएलएफ, म्हणजे इंटरनॅशनल लिंब फिटिंग. मुळात होइट या अमेरिकन कंपनीची रचना, पुढे बाकीच्यांनीही उचलली. रायझर एकाचा, लिंबं दुसऱ्याची, नुसतं आत सरकवलं की खट् बसतं. वर बोल्ट फिरवून दोन-तीन पाउंड कमी-जास्तही करता येतात. ऑलिम्पिकवाले हेच वापरतात. त्यांची कार्बनची लिंबं हजारात नाही, कित्येक दहा हजारांत जातात, पण त्याच खाचेत बसणारी स्वस्त लाकडी लिंबंसुद्धा मिळतात. फक्त रायझरलाच सुरुवातीला माझ्या अख्ख्या बोइतके पैसे मोजावे लागतात. दुकानात उभं असताना तो आकडा महाग वाटतो. मला विचाराल तर ज्याला हा खेळ वर्षभराच्या वर खेळायचाय त्याने तोच घ्यावा, आणि ज्याला खात्री नाही त्याने काहीच घेऊ नये, ग्राउंडवरचा बो वापरावा. मधला जो रस्ता आहे, त्यावरून मी आत्ताच येतेय.

शेवटी जोडी सापडली ती ग्राउंडवरच. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा एक दोस्त, माझ्याच कंपनीचा बो, शहाण्यासारखा २५वरून ३०वर, ३०वरून ३५वर गेलेला. त्याची २५ची लिंबं वर्षभर कपाटावर, जुन्या टॉवेलमध्ये. "अरे, मला विचारायचं ना आधी!" तीन हजारांत दिली. आणि तेव्हा ट्यूब पेटली. हलकी लिंबं सगळेच जण मागे टाकून पुढे जातात. म्हणजे सेकंडहँडमध्ये सगळ्यात सहज मिळणारी, कमी झिजलेली आणि स्वस्त लिंबं नेमकी नवशिक्याला लागणारीच असतात. मी ज्या दोन जोड्यांचे सोळा हजार चारशे वाचवायला निघाले होते, ते कधी सोळा हजार चारशे नव्हतेच. एक घ्यायची, सहा-आठ महिन्यांनी पुढच्याला विकायची, वर थोडे टाकून पुढची घ्यायची. सरांना हे माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

एवढ्यावर संपलं नाही. लिंबं हलकी झाली की जुने बाण जास्त कडक ठरतात, डाव्या हाताला फेकले जातात. मग नवे, नरम सहा बाण, २,१०० रुपये. रात्री मी परत कागद घेतला. फिजिओच्या नऊ सिटिंग, ५,४००. ग्राउंडची तीन महिन्यांची आगाऊ भरलेली फी, ४,५००. न बसणारी जोडी, २,५००. बसणारी, ३,०००. बाण, २,१००. एकूण १७,५००. वाचवायचे होते १६,४००. यात सोडलेल्या दोन असाइनमेंट धरलेल्या नाहीत आणि आईचं एक भाडंही. ते मी दोन हप्त्यांत फेडलं. आई घेत नव्हती, बाबांच्या अकाउंटला टाकलं.

पहिल्या रविवारी २५ची लिंबं लावून उभी राहिले तेव्हा, खोटं कशाला बोलू, लाज वाटली. शेजारच्या लेनमधल्या नववीतल्या पोराने लिंबावरचा आकडा वाचला आणि निरागसपणे विचारलं, "ताई, तुमची तर ४०ची होती ना?" म्हटलं, "होती." माझ्या हातात प्रत्यक्षात जेमतेम बावीसेक पाउंड. दोरी हनुवटीला आली आणि... थांबली. थरथर नाही. मला पिवळा गोल दिसला. चार-पाच महिने मी त्याच्या दिशेने बाण सोडत होते, पण तो असा निवांत बघायला पहिल्यांदाच मिळत होता. मग त्याच्याऐवजी खालच्या निळ्यात बाण गेला. पण गेला तो मी सोडल्यावर गेला.

सरांनी स्ट्रिंगर माझ्या बॅगेत टाकला होता. त्याचे ४०० त्यांनी पुढच्या महिन्याच्या फीमध्ये लावले.

आईने आता लोणचं घातलंय. फोनवर म्हणते, "माझी लिंबं मुरतायत, तुझ्या लिंबांचं काय?" सांगितलं, डिसेंबरपर्यंत हीच. त्यानंतर सर ३०ची म्हणतायत. तेव्हा पुण्यात कुणाच्या कपाटावर, जुन्या टॉवेलमध्ये, ३०ची जोडी पडली असेल तर कळवा. माझ्याकडे बदल्यात द्यायला २५ची एक चकाचक जोडी आहे, फारशी न वापरलेली. फक्त येण्याआधी भोकांमधलं अंतर मोजून या.